अनामत

वरची खोली भाड्याने द्यायची ठरली तेव्हा एजंट फोनवर म्हणाला, "मॅडम, पोरगा गुणी आहे, भाडं वेळेवर देईल. एवढंच की, अफगाणी आहे." शेजारच्या नानांना ही बातमी माझ्याही आधी कळली असावी. संध्याकाळी झाडांना पाणी घालता घालता कुंपणावरून ते म्हणाले, "बाई, विश्वास पानिपतात गेला म्हणतात, ठाऊक आहे ना?"

ठाऊक कसं नसेल? कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं. १४ जानेवारी १७६१ ला पेशव्यांचा विश्वासराव अब्दालीच्या फौजेशी लढताना गोळी लागून पडला आणि त्या पोराच्या नावावर मराठी माणसाने कायमचा श्लेष करून ठेवला. उधारी बुडाली की आपण तो वापरतो, जुळत आलेलं लग्न मोडलं तरी वापरतो. सुतक बोलण्यात इतकं मुरलं की ते सुतक आहे याचाही विसर पडला.

पोरगा आला. मूळचा कंदाहारचा, कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. पुण्यात अफगाण विद्यार्थी काही नवे नाहीत, कोंढव्याकडे तर त्यांच्या रोट्यांच्या भट्ट्याही आहेत. पण आमच्या गल्लीत हा पहिलाच. परदेशी भाडेकरूसाठी भरायचा सी फॉर्म, पोलिस चौकीत दोन खेपा, तीस हजार अनामत. पैसे त्याने रोख मोजून दिले, पावती मागितली नाही. मी मात्र त्याच्या पासपोर्टच्या पानान् पानाची झेरॉक्स काढून ठेवली.

हिंदी अस्खलित बोलायचा. कुठे शिकलास, तर म्हणाला, "खालाजान, तुमच्या मालिका बघून." मला ते पटलं. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधल्या तुळशीने काबूलच्या तोलो टीव्हीवर केवढा धुमाकूळ घातला होता ते मी वाचलेलं होतं. पण ती मालिका तिकडे दरी भाषेत डब होऊन दिसायची, मग ती बघून हा हिंदी कसा शिकला, हा प्रश्न काही मला त्या वेळी सुचला नाही.

पहिल्या सुट्टीहून परतला तो कागदात गुंडाळलेला हिंगाचा ओला, तांबूस गोळा घेऊन. त्या वासाने मांजरसुद्धा घराबाहेर गेलं. आपल्या डबीत हिंगापेक्षा पीठ आणि डिंकच जास्त, त्यामुळे खरा हिंग कसा असतो हे मला साठीत कळलं. डाळीच्या दाण्याएवढा तुकडा तेलात टाकला तर आमटीचा घमघमाट नानांपर्यंत. तो म्हणाला, आमच्या घरी हे कुणी खात नाही, पोट दुखलं तर औषध म्हणून घेतात. खाणारे तुम्हीच. एखाद्याला काही किंमत नाही हे सांगायला आम्ही म्हणतो की त्याला कुणी हिंग लावूनही विचारत नाही, हे मी त्याला समजावलं. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे आमचा हिंग लावून तुम्ही तरी विचारता."

त्याचे वडील बेदाण्याच्या व्यापारात. २०१० च्या पाक-अफगाण करारानुसार अफगाण ट्रक तेव्हा पाकिस्तानातून वाघ्यापर्यंत येऊ शकत असे. तिथे माल उतरवायचा आणि रिकामं परत जायचं. भारतातला माल भरून न्यायला बंदी. अमृतसर डोळ्यांसमोर, आणि ट्रकवाला शेकडो मैल रिकामं धूड हाकत चाललेला! गाडीत काय भरून जाईल याची पाकिस्तानला धास्ती असेल, अफगाण बाजारपेठ हातची जाईल ही भीती असेल, दोन्ही असतील. डिझेल मात्र ट्रकवाल्याचं जळायचं.

२०१९ च्या डिसेंबरात 'पानिपत' सिनेमा लागला. चौकातल्या पोस्टरवर डोळ्यांत सुरमा घातलेला संजय दत्त. पोरगा त्या दिवशी जेवायला वर गेला नाही, माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. "खालाजान, हे आमचे बाबा आहेत." अहमदशाह बाबा. अफगाणांच्या देशाची पायाभरणी १७४७ ला त्यांनीच केली, कंदाहारला त्यांची कबर आहे. त्याची आजी त्याला बोटाला धरून तिथे न्यायची. मी पोळी लाटत होते. ज्याचं नाव आमच्या घरात शिवीसारखं घेतलं गेलं, त्याच्या कबरीपाशी कुणाच्या तरी आजीने नातवासाठी दुआ मागितली असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. पण सिनेमापेक्षा त्याचा खरा राग पाकिस्तानवर निघाला. त्यांच्या क्षेपणास्त्रांची नावं गझनवी, घोरी, अब्दाली. "बाबा आमचे, नाव त्यांनी उचललं, आणि निशाणा तुमच्यावर." अफगाण सरकारने २००६ साली याबद्दल इस्लामाबादकडे तक्रारही केली होती.

मग मीही मास्तरीण झाले. १७५८ सालचं अटकेपार झेंडे प्रकरण त्याला सांगितलं. सिंधूवरचा अटकेचा किल्ला म्हणताच तो पटकन म्हणाला, "हो, पुलावरून दिसतो. पेशावरच्या बसमधून." आणि गप्प झाला.

पोळी तव्यावर करपली. तो दहा वर्षं पेशावरला राहिला होता. युद्धामुळे घर सोडलेलं, हिंदी म्हणजे तिथल्या शाळेतलं उर्दू. शाळेत त्याला मुलं मुहाजिर म्हणायची. कंदाहारला परतल्यावर चुलतभावांनी पाकिस्तानी म्हणून चिडवलं. आणि इथे? "पाकिस्तानात वाढलो म्हटलं असतं तर खोली दिली असतीत?"

मी काही बोलले नाही. नसती दिली.

पुढच्या वर्षी दुबईत मुलाकडे गेले होते. टॅक्सीवाला पाकिस्तानातल्या मर्दानचा पठाण. मुलाने मागच्या सीटवरून खुणावलं, जास्त बोलू नकोस. मी मांडीवरची पर्स घट्ट धरली. अफगाणांचा विषय त्यानेच काढला. तीस लाखांवर माणसं आमच्याकडे आली, आम्ही भाकरीतली अर्धी दिली, आणि आता तेच आमच्या झेंड्याला शिव्या देतात. त्याचं दुखणंही खोटं नव्हतं. ड्युरँडसाहेबाने १८९३ साली अमीर अब्दुर रहमानशी करार करून जी रेघ आखली ती काबूलने मनापासून कधी मानलीच नाही. १९४७ ला पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रसंघात घ्यायचं ठरलं तेव्हा विरोधी मत एकट्या अफगाणिस्तानचं होतं. पुढे ते मागे घेतलं, पण जन्मदिवशी थोबाडीत मारलेली कोण विसरतं? उतरताना त्याने बॅगा दारापर्यंत आणून दिल्या. मी लिफ्टमध्ये पर्समधले पैसे मोजले. बरोबर होते.

माझी आई परळच्या चाळीत वाढलेली. तिच्या लहानपणी दिवेलागणीनंतर घराबाहेर राहिलेल्या पोराला "पठाण नेईल" अशी धमकी मिळायची. गिरणी कामगाराला पगाराच्या दिवशी फाटकाशी गाठणारा सावकार पठाण म्हणून 'पठाणी व्याज' हा शब्द आपल्याकडे अजून छापला जातो. १९२९ च्या फेब्रुवारीत पठाण मुलं पळवतात अशी अफवा मुंबईत उठली आणि दंगलीत शंभरहून अधिक माणसं मेली. आईला हे आकडे माहीत नव्हते. धमकी मात्र माहीत होती, आणि ती मीही माझ्या मुलाला दिली आहे.

भावाच्या लग्नासाठी तो २०२१ च्या जुलैत घरी गेला. सुटकेस इथेच ठेवली, महिन्याभरात येतो म्हणाला. १५ ऑगस्टला काबूल पडलं. २५ ऑगस्टला भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले. दिल्लीने त्या ऑक्टोबरात पन्नास हजार टन गहू देऊ केला, पण तो कुणाच्या ट्रकमधून न्यायचा यावर महिनोन् महिने घोळ चालला. भारताचे ट्रक पाकिस्तानला नकोत, पाकिस्तानचे भारताला. शेवटी अफगाण ट्रक अटारीला आले. पहिला तांडा निघाला तेव्हा २२ फेब्रुवारी उजाडली होती. सगळा हिवाळा संपला होता. ते वाचताना मला त्याच्या वडिलांचे ट्रक आठवले. या खेपेला उलटे, येताना रिकामे.

अनामत परत कशी करायची हा माझ्यापुढचा प्रश्न. तिकडच्या बँका ठप्प. कधीमधी त्याचा मेसेज यायचा, "खालाजान, राहू द्या, तुमच्याकडे सुरक्षित आहे." अनामत हा शब्द आपण अरबीतल्या 'अमानत'वरून घेतला, अक्षरं तेवढी उलटीपालटी केली. विश्वासाने सोपवलेली वस्तू. घरभाड्याच्या करारनाम्यात तो इतक्यांदा टाइप होतो की त्याचा अर्थ कुणी वाचत नाही.

२३ ऑक्टोबर २०२३ ला चेन्नईत अफगाणिस्तानने पाकिस्तानला विश्वचषकात हरवलं. सामनावीर इब्राहिम झादरानने बक्षीस पाकिस्तानातून परत धाडल्या जाणाऱ्या अफगाणांना अर्पण केलं. कागदपत्रं नसलेल्यांना १ नोव्हेंबरच्या आत निघून जायचा हुकूम तेव्हा सुटलेला होता. इरफान पठाण मैदानात रशीद खानसोबत नाचला, नाना बाल्कनीत टाळ्या वाजवत होते. त्याच आठवड्यात माझ्या व्हॉट्सॲपवर +९२ ने सुरू होणाऱ्या नंबरावरून दोनदा कॉल आला. पाकिस्तानचा कोड. असले फोन उचलू नका, खातं रिकामं होतं, असं मुलाने बजावलेलं. मी उचलला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा ब्लॉक केला.

महिन्याने त्याचा एक मित्र सायकलवरून आला. म्हणाला, तो पेशावरला मामाकडे होता, तुम्हाला फोन करत होता. सुटकेसमधल्या मार्कलिस्टचे फोटो हवे होते, कुठल्याशा अर्जासाठी. मी नंबर अनब्लॉक केला, तिथून पुढे तो बंदच.

२०२५ च्या ऑक्टोबरात तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत उतरले. त्याच रात्री काबूलमध्ये स्फोट झाले आणि तालिबानने पाकिस्तानकडे बोट दाखवलं. १९९९ च्या डिसेंबरात अपहृत विमानाभोवती कंदाहारला बंदुका घेऊन उभे असलेले तालिबानच होते, पण ते आता कोण काढतंय! दुसऱ्या दिवशी नाना पेपर घेऊन कुंपणाशी आले. "बघा बाई, अफगाणी आता आपले दोस्त. त्या पोराला बोलवा की परत. चांगला होता बिचारा."

मी बरं म्हटलं. माळ्यावरची सुटकेस त्या दुपारी खाली काढून पुसली. कुलपाची किल्ली त्याच्याकडेच आहे.