भाजीच्या वाफ्यांचा अर्ज

अलिबाग,
नारळी पौर्णिमा

चि. बाळास,

तुझं पत्र आणि सोबतची अर्जाची झेरॉक्स मिळाली. तुमच्या पनवेलच्या सोसायट्यांनी मिळून कॉलनीतल्या मोकळ्या भूखंडावर भाजीचे वाफे करायचे, घरटी एक वाफा द्यायचा, ओल्या कचऱ्याचं खत तिथेच जिरवायचं, हे मला मनापासून आवडलं. पावसाळा उलटत आला तरी "साहेब मीटिंगला गेलेत" आणि "फाइल वर गेली आहे" यापलीकडे काही ऐकायला मिळत नाही, म्हणून तू वैतागली आहेस. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. तुझा अर्ज कोणत्या कार्यालयात अडकलाय ते इथे लिहायचं कारण नाही, पण टेबलाच्या पलीकडून तो कसा दिसतो ते सांगते.

तुमच्यातल्या काहींना वाटतं की पैशासाठी अडवलंय. कोणी तोंडाने मागितले असतील तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा नंबर फिरवा, त्यात संकोच नको. पण अर्ज वाचून मला वेगळंच दिसतं. तुम्ही लिहिलंय, "सदर भूखंड रहिवाशांना भाजीपाला लागवडीसाठी मिळावा." लिपिकाला टिपणी लिहिताना प्रकरण कोणत्या नियमात बसतं ते आधी लिहावं लागतं. भूखंड 'मिळावा' म्हटलं की वाटप आलं, वाटप आलं की निविदा आणि बाजारभाव आले, आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की सही करणाऱ्याची झोप उडाली. अशी फाइल कोणी नाकारत नाही, कारण नाकारायचं तरी कारण लिहावं लागतं. ती 'अभिप्रायास्तव' एकीकडे जाते आणि 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' परत येते.

हे मी त्यांची बाजू घेऊन लिहीत नाही. उत्तर न देणं हा नागरिकावर अन्यायच आहे. लेखी नकारावर अपील करता येतं, गप्प बसण्यावर काय करणार?

इंग्लंडात अशा वाफ्यांसाठी १९०८ पासून कायदाच आहे. गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर स्थानिक कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो, आणि गरज आहे असं ठरलं तर वाफे पुरवणं हे कौन्सिलचं कर्तव्य बनतं. आपल्याकडे असा कायदा नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा अधिसूचित सेवांनाच लागू होतो, त्यामुळे दाखल्यांसाठी उपयोगी पडणारा तो कायदा तुमच्या वाफ्यांच्या कामाचा नाही. मग पूर्वदाखला शोधावा लागतो, आणि तो तू लोकलच्या खिडकीतून लहानपणापासून बघत आलीस. रुळांच्या कडेचे पालक, मेथी, लाल माठाचे ते वाफे रेल्वेच्या 'अधिक धान्य पिकवा' योजनेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अन्नटंचाईत देशभर त्या नावाची मोहीम निघाली होती. रेल्वेने आपली पडीक जमीन आपल्याच कर्मचाऱ्यांना भाजीसाठी परवान्यावर दिली. मालकी रेल्वेचीच राहिली, कर्मचाऱ्याला मिळाला तो वापर. तुमच्या अर्जात 'मिळावा' हा शब्द काढून 'तात्पुरत्या वापराची परवानगी' असं लिहा. बांधकाम करणार नाही, कुंपण काढता येण्याजोगं असेल, सार्वजनिक कामासाठी लागली तर ठरल्या मुदतीत जागा रिकामी करू, असं सगळ्यांच्या सह्यांनिशी हमीपत्र जोडा. सही करणाऱ्याला पाय रोवायला जागा मिळाली की पेन चालतं.

रेल्वेच्या त्या वाफ्यांची दुसरी बाजूही लक्षात ठेव. नाल्याच्या सांडपाण्यावर भाजी पिकवतात म्हणून मुंबईत त्यांच्यावर फार टीका झाली, आणि ती रास्त होती. तुमच्या अर्जात पाण्याबद्दल नुसतं "पाण्याची सोय व्हावी" एवढंच आहे. पनवेलमध्ये हे वाक्य कोणालाही दचकवणारं आहे. नगरपालिकेच्या काळापासूनचं देहरंग धरण गाळाने भरत आलंय, उन्हाळ्यात माणसांनाच पाणी पुरत नाही. पिण्याच्या पाण्याची जोडणी मागू नका. पावसाचं पाणी साठवू, उन्हाळ्यात निम्मे वाफे पडीक ठेवू, असं लिहा. माती कुठून आणणार तेही लिहा, कारण कॉलनीतले भूखंड बहुधा मुरमाच्या भरावाचे, त्यात खत-माती घातल्याशिवाय काही उगवायचं नाही. गांडूळखताचं शिकायला तारा गावातल्या युसूफ मेहेरअली सेंटरमध्ये जाऊन या, गोवा रस्त्यावरच आहे.

आता जागा कोणाची ते. १८५२ ची नगरपालिका, तिच्या शेजारी सिडकोने वसवलेल्या वसाहती आणि आसपासची गावं मिळून १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली. पण झेंडा बदलला म्हणून प्रत्येक भूखंडाचा कागद त्याच दिवशी बदलत नाही. मालकी एकाकडे, देखभाल दुसऱ्याकडे, आरक्षण तिसऱ्याच नकाशात, असं बऱ्याच ठिकाणी असतं. म्हणून आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा, विकास आराखड्यात त्या जागेवर कशाचं आरक्षण आहे ते बघा. उद्यानाचं असेल तर तुमचं काम निम्मं सोपं, 'उद्यानाच्या देखभालीत नागरिकांचा सहभाग' या नावाने प्रकरण चालवता येईल. शाळेचं किंवा दवाखान्याचं असेल तर सोडून द्या, दुसरी जागा बघा.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या अर्जात कुठेच नाही आणि मला सगळ्यात जास्त खुपली. तुम्ही त्या जागेला 'पडीक' म्हटलंय. ती पडीक नव्हती. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी संपादनाला लागल्या, त्या भातखाचरं होत्या, खाजणं होती, मिठागरं होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या मातीत भात निघाल्यावर वाल पेरायचे ते आगरी शेतकरी तुमच्या कॉलनीला लागूनच्या गावात अजून राहतात. त्यांच्या डोळ्यांसमोर आपण हौसेची भाजी लावणार, तर आधी त्यांच्याकडे जायला हवं. निम्मे वाफे गावातल्या घरांना द्या, त्यांनाच शिकवायला बोलवा. जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल कसा येतो हे तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाला माहीत असणार? नुसता गावाचा विरोध टळावा म्हणून हे करू नका. त्यांचा हक्क तुमच्या आधीचा आहे.

पाठपुराव्याचं सांगते. हेलपाटे कमी करा, कागद वाढवा. प्रत्येक पत्राची पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारीख वहीत लिहा. महिना उलटला की माहिती अधिकारात अर्ज टाका: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "परवानगी का दिली नाही" असं विचारू नका, तो वाद होतो. "अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा लिहिला त्या टिपणीची प्रत द्यावी" असं मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं हे त्यांचं काम, तुमची पायपीट नव्हे. शिवाय २०१८ च्या शासनाच्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं बघता येतात. त्या वेळेला जा, फाइल स्वतः वाचा. शासकीय कार्यालयात सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये, असं दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो. तो १ जुलै २००६ पासून लागू आहे.

लिपिकाशी भांडू नका. त्याच्या टेबलावर तुमच्यासारख्या शेकडो फायली असतात आणि बदलीची टांगती तलवारही. तो बदलून गेला तर नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात भेटून सगळ्या कागदांचा एक संच द्या, नाहीतर प्रकरण पुन्हा पहिल्या पानावर येतं.

तुमचे वाफे झाले तरी तेवढ्यावर थांबू नका. पुढच्या कॉलनीला तुमच्यासारखं भीक मागत फिरावं लागू नये म्हणून महापालिकेकडे धोरणाचा ठराव मागा: कोणत्या जागा, किती मुदत, कोणाला प्राधान्य, हे एकदाच ठरू दे. आधी गावात जाऊन ये, मग नवा अर्ज लिही आणि देण्याआधी मला वाचायला पाठव. दसऱ्याच्या आत अर्ज गेला तर वालाची पेरणी साधण्याची आशा आहे.

तुझी
मावशी