नोव्हेंबरची बदकं

जानकीपुरमला राहायला आल्यापासून माझा पक्षिनिरीक्षणाचा हंगाम कार्तिकात सुरू होतो. लखनौचे बरेच हौशी निरीक्षक जानेवारीची वाट बघतात. तेव्हा पाणवठे भरलेले असतात आणि पाणपक्ष्यांची आशियाई गणनाही त्याच महिन्यात होते. पण ज्याला डोळा तयार करायचा आहे त्याने नोव्हेंबर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण बदकांच्या पिसांत आहे. उत्तरेकडे वीण आटोपली की नर बदकांची उडायची पिसं एकदम गळतात. तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. त्या काळात शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून त्यांचा रंगही मादीसारखा मळकट तपकिरी होतो. नवे पंख फुटल्यावर ती दक्षिणेला निघतात, पण झळाळी मागाहून येते. थापट्याला तर त्यासाठी निम्मा हिवाळा लागतो. त्यामुळे हंगामाच्या तोंडाला तळ्यावर सगळी बदकं सारखीच दिसतात आणि नवखा माणूस पुस्तक मिटून ठेवतो.

खरं तर शिकायला सुरुवात करायची ती इथेच. रंग बाजूला ठेवून घडण बघावी. तलवार बदकाची मान लांब, सडपातळ आणि चोच करडी. थापट्याची चोच रुंद, फावड्यासारखी. ती पाण्याला लावून तो पुढे सरकत राहतो. गॅडवॉल उडालं की पंखात पांढरा चौकोन चमकतो. सर्वांत लहान ते टील, त्याच्या पंखात हिरवी झाक. बदकं उडेपर्यंत थांबायची तयारी हवी. पंख उघडले की बहुतेक शंका मिटतात. उठवण्यासाठी दगड मात्र कधीच मारू नये. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला आधी पोटभर खाऊ द्यावं.

यासाठी लांब जावं लागत नाही. सीतापूर रोडने बक्शी का तालाबकडे निघालं की वस्ती विरळ होते आणि शिंगाड्याची तळी लागतात. या दिवसांत शिंगाडा काढणं चालू असतं. पानांच्या जाळीवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालतो. त्याची विणीच्या काळातली लांब शेपटी आता गळालेली असते, म्हणून त्यालाही चालीवरूनच ओळखायचं. कापलेल्या भातखाचरांत सारसाची जोडी दिसली तर मागे पिल्लू आहे का ते बघावं. पिल्लाचं डोकं अजून दालचिनी रंगाचं असतं, लाल झालेलं नसतं. महाराष्ट्रात सारस बघायचा तर गोंदियाकडे जावं लागतं, तोही मोजकाच. इथे तो शेतात सहज भेटतो, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

सबंध दिवस हाताशी असेल तर कानपूर रस्त्यावरचं नवाबगंज गाठावं. 1984 साली झालेलं हे उन्नाव जिल्ह्यातलं अभयारण्य आता शहीद चंद्रशेखर आझाद यांच्या नावाने ओळखलं जातं आणि 2019 पासून रामसर यादीत आहे. सकाळी वाऱ्याआधी पोचावं. सूर्य पाठीशी ठेवावा. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. कॅमेरा पहिला तासभर पिशवीतच राहू द्यावा, कारण फोटोच्या नादात वागणूक बघायची राहून जाते.

डिसेंबर सरत आला की गंगेच्या मैदानात दाट धुकं उतरतं आणि कित्येकदा दहा वाजेपर्यंत समोरचं पाणीही दिसत नाही. तेव्हा वेळ दवडू नका. कार्तिकी एकादशी झाली की येणाऱ्या पहिल्या रविवारी घराजवळच्या तळ्यावर जा, एकच कळप निवडा आणि तासभर तिथून हलू नका.