चौथा नंबर

भाच्याने पहिल्यांदा फोनवर "ड्राफ्ट" हा शब्द उच्चारला तेव्हा मला बँकेतला डिमांड ड्राफ्ट आठवला. बी.एड.च्या प्रवेशासाठी काढला होता तो. भाचा हसला. त्याचा जन्म मेलबर्नचा. आपा आणि भाईजान तिकडच्या कोबर्ग भागात राहतात, घरात उर्दू बोलतात, आणि हा मुलगा रिचमंड नावाच्या क्लबवर जीव टाकतो. खेळ फुटबॉलच, पण आपला नव्हे. अंडाकृती चेंडू, क्रिकेटच्या मैदानाएवढं मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू. तिकडचे लोक लाडाने 'फूटी' म्हणतात.

रिचमंडच का, याचं उत्तर बशर हुली. लेबनॉनहून आलेल्या घरातला, मेलबर्नमध्ये वाढलेला, पाच वेळची नमाज सांभाळून या खेळाच्या सर्वांत वरच्या पातळीवर खेळलेला माणूस. 2017, 2019 आणि 2020 अशी तीन विजेतेपदं त्याने रिचमंडसोबत जिंकली. भाच्याच्या खोलीत त्याचं पोस्टर होतं. आपाला ते आवडायचं. नमाजला उठवताना तिला एक नाव मिळालं होतं.

आता ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरच आहेत. आपल्या आयपीएलमध्ये बोली लागते, ज्याच्या खिशात पैसा तो खेळाडू नेतो. तिकडे तसं नाही. दर नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांच्या आसपासची मुलं नाव नोंदवतात आणि क्लब आळीपाळीने एकेक नाव उचलतात. जो क्लब हंगामात शेवटचा आला त्याला पहिली निवड. जिंकला त्याला शेवटची. मुलाने कुठल्या शहरात जायचं हे मुलाने ठरवायचं नाही. आणि हे निवडीचे नंबर क्लब आपसांत विकतात, बदलतात. म्हणजे एखादा जाणता खेळाडू द्यायचा आणि त्याच्या बदल्यात अजून ज्याचं नावही ठाऊक नाही अशा मुलाचा नंबर घ्यायचा. मला ही व्यवस्था हुंडीसारखी वाटते. कागद आज हातात, रक्कम पाच वर्षांनी, ती वटेल की नाही अल्लाह जाणे.

2024 मध्ये रिचमंड शेवटचा आला. अख्ख्या हंगामात दोन विजय. मग क्लबने दुकानच उघडलं. शाय बोल्टन, डॅनियल रिओली, लियाम बेकर, जॅक ग्रॅहम हे चौघे एकाच ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या क्लबांत गेले. सगळे पंचविशीच्या आसपासचे, ऐन भरातले. त्यांच्या जाण्यातून ड्राफ्टचे वरचे नंबर जमा झाले. डस्टिन मार्टिन त्याआधीच निवृत्त झाला होता. भाचा खूश होता, मी वैतागलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत रोज संध्याकाळी, म्हणजे त्याच्या मध्यरात्री, आमचा वाद चाले.

"मामू, जुनं घर पाडल्याशिवाय नवं बांधता येत नाही," हे त्याचं म्हणणं.

माझं म्हणणं साधं होतं. बेकर मुख्य ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता, तो त्यानंतरच्या रूकी ड्राफ्टमधून आला. ग्रॅहम त्रेपन्नावा होता आणि 2017 ची ग्रँड फायनल हा त्याचा जेमतेम पाचवा सामना, त्यात त्याने तीन गोल केले. जी माणसं तुम्ही तळातून उचलून घडवली, ती देऊन वरचे नंबर घ्यायचे, आणि वरच्या नंबरांचा तुमचा अनुभव काय? मी 2004 काढलं. मला हे वर्ष तोंडपाठ आहे, कारण ते त्यानेच मला शिकवलंय.

2004 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या वीस नावांत पाच नावं रिचमंडची होती. पहिलाच नंबर त्यांचा, ब्रेट डेलेडिओ. चौथा त्यांचा, रिचर्ड टॅम्बलिंग. त्याच दिवशी हॉथॉर्नने दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या नंबरवर तीन मुलं घेतली: जॅरिड रफहेड, लान्स फ्रँकलिन, जॉर्डन लुइस. दोन्ही क्लबांचे प्रशिक्षक त्या वेळी नवेच होते. हॉथॉर्न चार वर्षांत, 2008 मध्ये, विजेता झाला आणि तिघेही त्या संघात होते. रिचमंडला 2017 उजाडलं, 1980 नंतर थेट. त्या संघात 2004 च्या पाचांपैकी एकही नव्हता. डेलेडिओ तर आदल्याच वर्षी सोडून गेला होता.

भाचा म्हणाला, "तेच तर. तुम्ही माझीच बाजू मांडताय. हॉथॉर्नने नीट निवडलं म्हणून जिंकले. आम्ही टॅम्बलिंग घेतला."

हे वाक्य त्याच्या तोंडी मी शंभरदा ऐकलं असेल. त्यांच्या मित्रांत ते क्रियापद झालंय. परीक्षेत सोपा प्रश्न सोडून अवघड घेतला की टॅम्बलिंग केलं. कँटीनमध्ये चांगली डिश संपली की टॅम्बलिंग झालं. कारण टॅम्बलिंग चौथा आणि पाचवा फ्रँकलिन, ज्याने पुढे हजारावर गोल केले. 2022 मध्ये सिडनीत त्याचा हजारावा गोल झाला तेव्हा हजारो प्रेक्षक मैदानात घुसले होते. रिचमंडच्या पाठीराख्यांना तो गोल आपला वाटतो, हरवलेला.

मी त्या रात्री विचारलं, "फ्रँकलिनला किती जणांनी सोडलं?"

"आम्ही."

"मोज."

त्याने मोजलं. पहिला नंबर रिचमंड, सोडला. दुसरा खुद्द हॉथॉर्न, त्यांनीही फ्रँकलिन सोडून रफहेड घेतला. तिसरा वेस्टर्न बुलडॉग्ज, त्यांनी रायन ग्रिफेन घेतला. मग चौथा. म्हणजे चार वेळा तो मुलगा बाजूला ठेवला गेला, एकदा तर त्याच्याच पुढच्या क्लबने. तरी हसं झालं ते फक्त चौथ्याचं. आणि तेही निवडणाऱ्याचं नव्हे, निवडलेल्याचं. नॉर्दर्न टेरिटरीतून हजारो किलोमीटर दूर आलेला आदिवासी समाजातला मुलगा. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं की मला चौथा घ्या. तो शंभराहून अधिक सामने खेळला, जे त्या ड्राफ्टमधल्या कितीतरी मुलांच्या नशिबी आलं नाही. विसावा असता तर लोक म्हणाले असते, बरा निघाला.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "तुम्हाला टॅम्बलिंगचं एवढं का लागतं?"

त्याला तेव्हा सांगितलं नाही. इथे लिहितो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी दरवर्षी जुलैमध्ये मी मुलांची एक यादी करतो. जादा तास त्यांनाच, सरावाचे पेपर त्यांनाच. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी फळ्यावर ती यादी नंबर घालून लिहिली आणि पहिल्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. सगळ्या वर्गासमोर म्हणालो, हा आपला एक नंबर, हा शाळेचं नाव काढणार. मुलगा खरंच हुशार होता. वडील हातगाडीवर फळं विकायचे. त्यांना कळलं तेव्हा ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि माझ्या टेबलावर एक डझन केळी ठेवून गेले.

मुलाला शिष्यवृत्ती मिळाली नाही. दहावीला बरे गुण पडले, पुढे आय.टी.आय. केलं. आता एसी आणि फ्रिजचं काम करतो, हाताखाली दोन मुलं आहेत, घर बांधलंय. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझ्याच घरी दुरुस्तीला आला. मला ओळखून उठून उभा राहिला. काम झालं, पैसे घेईना. दारात चपला घालता घालता म्हणाला, "सर, माफ करा. तुमचं नाव नाही राखता आलं."

माफी कसली? चुकला असेन तर मी चुकलो होतो, आणि खरं तर कुणीच चुकलं नव्हतं. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या नावाखाली मी ओढलेल्या दोन रेघा तो तिशीजवळ आला तरी वागवत होता. मी काहीतरी पुटपुटलो, चहा तरी घे म्हणालो. तो थांबला नाही, पुढचं गिऱ्हाईक होतं.

ड्राफ्टचा दिवस 20 नोव्हेंबर 2024. योगायोग असा की आपल्या विधानसभेचं मतदान त्याच दिवशी. मी केंद्रावर ड्युटीला, मोबाइल बंद. दिवसभर समोर मतदार यादी. नवीन अठरा पूर्ण झालेली बरीच मुलं आली, दोन माझे विद्यार्थी. अनुक्रमांक शोधायचा, खूण करायची, शाई लावायची. त्या यादीतला अनुक्रमांक पहिला असो की नऊशेवा, त्याचं कुणाला काही नसतं. मशिनं जमा करून घरी आलो तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. फोन सुरू केला तर भाच्याचे एकेचाळीस मेसेज. पहिला नंबर सॅम लॅलर. मग सातवा, बारावा, चौदावा, एकविसावा, तेविसावा. पहिल्या तेवीस नावांत सहा रिचमंडची. बारावा जो घेतला, ताज हॉटन, त्याच्या गुडघ्याची लिगामेंट त्याच वर्षी फाटली होती. क्लबला ते माहीत होतं, तरी घेतला. हे मला आवडलं आणि मी तसं कळवलंही. भाच्याचं लगेच उत्तर आलं, "शेवटी मानलंत!"

मानलं नव्हतं. अजूनही माझं मत असं की चारांपैकी निदान दोघांना थांबवायला हवं होतं, काहीही करून. सहा अठरा वर्षांच्या मुलांना शिकवायला वर्गात कुणी मोठा नको का? हुलीचंच घ्या. 2006 च्या ड्राफ्टमध्ये एसेंडनने त्याला बेचाळिसावा घेतला. चार वर्षांत फार खेळवलं नाही. करार संपला तेव्हा तो प्री-सीझन ड्राफ्टमधून रिचमंडकडे आला, एसेंडनला बदल्यात काही मिळालं नाही. त्याच रिचमंडसाठी तो दोनशेहून अधिक सामने खेळला. मुलगा तोच, नंबर तोच. फरक पडला तो घेतल्यानंतर काय केलं याने. भाचा म्हणतो हे मास्तरी तर्कट आहे, सगळं शिकवण्यावर असतं तर ड्राफ्ट कशाला, चिठ्ठ्या टाका. याला माझ्याकडे उत्तर नाही. क्लबला यादी चाळीसएक खेळाडूंचीच ठेवता येते. कुणाला तरी घ्यावं लागतं, कुणाला तरी काढावं लागतं, आणि सहा मुलं आत आली म्हणजे निदान सहा बाहेर गेली. त्या बाहेर गेलेल्यांची नावं भाच्यालाही चटकन आठवली नाहीत.

मग टॉम बॉयड आला आमच्या वादात. तो 2013 चा पहिला नंबर. वर्षभरात त्याला बुलडॉग्जने सात वर्षांच्या करारावर आणलं, बदल्यात दिला कोण, तर तोच ग्रिफेन आणि सहावा नंबर. 2016 च्या ग्रँड फायनलमध्ये बॉयडने शेवटी शेवटी जो लांब गोल मारला तो आजही दाखवतात. बुलडॉग्ज 62 वर्षांनी जिंकले. आणि 2019 मध्ये, 23 व्या वर्षी, त्याने खेळ सोडला. मन थकलं होतं, तसं त्याने उघड सांगितलं, कराराचे उरलेले पैसे सोडले. भाच्याचा प्रश्न, हा पिक यशस्वी की अयशस्वी? मी म्हटलं, आधी त्याच्या आईला विचार.

लॅलरचा पहिला सामना मार्चमध्ये झाला, कार्लटनविरुद्ध. रमजान होता. मेलबर्नच्या त्या प्रचंड मैदानात सामना सुरू झाल्यावर काही मिनिटांतच मगरिब झाली. भाच्याने स्टँडमध्ये खजूर खाऊन रोजा सोडला आणि नमाजच्या खोलीकडे पळाला, परत आला तोवर रिचमंड मागे पडलेलं. शेवटी ते जिंकले. इकडे आमचा रोजा अजून सुटायचा होता, अस्रची अजान व्हायची होती, तेव्हा त्याचा फोन आला. नुसता आरडाओरडा. लॅलर असा आणि लॅलर तसा, पुढच्या दहा वर्षांची चिंता मिटली.

"पुढे पुढे बघू," एवढंच मी म्हणालो. पुढे त्या मुलाला त्या हंगामात दुखापतींनी बराच काळ बाहेर बसवलं. भाचा निराश झाला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, तेव्हाही त्याने 'टॅम्बलिंग' हा शब्द वापरला नाही. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

जुलैमध्ये माझी यादी करायची वेळ आली. जागा पंचवीस मुलांची, कारण त्या खोलीत बाक तेवढेच. चाचणी घेतली, पेपर तपासले. या वेळी फळ्यावर लिहिली नाही. कागदावर हजेरीच्या क्रमाने नावं उतरवली आणि नोटीस बोर्डावर लावली. एका सहकाऱ्याने विचारलं, यात पहिला कोण? मी म्हटलं, हजेरीत अन्सारी पहिली आहे. दुपारी तीन मुलं दाराशी येऊन उभी राहिली. त्यांची नावं नव्हती. गुण बघितले, पंचविसाव्या मुलापेक्षा दोन-तीनच कमी.

शेजारच्या वर्गातून दोन बाक ओढून आणले. आता अठ्ठावीस आहेत आणि दार पूर्ण उघडत नाही.