साठवण

‘करिअर’ला आपण मराठीत ‘कारकीर्द’ म्हणतो, पण दोन्ही शब्दांचा काळ निराळा आहे. कारकीर्द राजाची असते, मंत्र्याची असते, आणि ती बहुधा संपल्यावर सांगितली जाते. करिअर मात्र सुरू होण्याआधीच विचारले जाते. लातुरात तर ते दहावीच्या निकालाच्या दिवशीच विचारतात. आम्ही पती-पत्नींनी या शहरात पंचवीसहून अधिक वर्षे मराठी शिकवले. ‘लातूर पॅटर्न’ने घडवलेले डॉक्टर आणि इंजिनिअर पुष्कळ पाहिले, मूलभूत विज्ञानात संशोधनच करीन, असे म्हणणारी मुलगी आम्ही एकच पाहिली, आणि ती आमची भाची निघाली. तिच्याविषयी लिहायचे तर थोडे आमच्याविषयीही लिहावे लागणार आहे, आणि ते फारसे अभिमानाचे नाही.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर २०१५ साली तिने मराठवाड्यातच, ऊर्जेच्या साठवणीवर, पीएच.डी.चे काम सुरू केले. विषय ‘मटेरियल सायन्स’. नाव ऐकून आम्ही गोंधळलो तेव्हा ती म्हणाली, “मामा, मटेरियल म्हणजे साहित्यच की. मीही साहित्याचीच विद्यार्थिनी झाले.” पाककृतीच्या पुस्तकात आधी ‘साहित्य’ आणि मग ‘कृती’ असते, हे साहित्य शिकवणाऱ्या आम्हाला तोवर कधी सुचले नव्हते.

तिची कृतीही स्वयंपाकघराला जवळचीच होती. चंचुपात्रात धातूच्या क्षाराचे द्रावण घ्यायचे, अमोनियासारखे काही घालून अभिक्रियेचा वेग आवरायचा, त्यात स्वच्छ धुतलेली काचपट्टी किंवा स्टीलचा पत्रा उभा करायचा आणि शंभर अंशांच्या आतल्या उष्णतेवर वाट पाहायची. पट्टीवर हळूहळू पातळ थर धरतो. दुसऱ्या एका रीतीत पट्टी एका द्रावणात बुडवायची, पाण्यात विसळायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा विसळायची, आणि अशा फेऱ्या मोजत बसायचे. या रीतींना निर्वात पंप लागत नाही, कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या रासायनिक रीतींवर वर्षानुवर्षे काम केले. राजाराम माने आणि लोखंडे यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला आढावालेख जगभरच्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा उद्धृत केला. पुढे माने यांनी दक्षिण कोरियातल्या हानयांग विद्यापीठात काम केले आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात अध्यापन-संशोधन केले. त्या विद्यापीठाचा परिसर विष्णुपुरीला आहे, आणि गोदावरीचे पाणी अडवणारा विष्णुपुरी प्रकल्पही तिथून जवळच. पाण्याची साठवण आणि विजेची साठवण, दोन्ही एकाच शिवारात.

साठवण म्हणजे काय, हे आम्हाला कळले ते २०१६च्या उन्हाळ्यात. मांजरा धरण कोरडे पडले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. भाची सुटीला आमच्याकडे आली होती आणि टँकरच्या रांगेत मामीबरोबर घागर घेऊन उभी होती. तिथेच तिने मामीला समजावले, “मामी, बॅटरी म्हणजे आपला हौद बघा. मावतं लई, पण भरायला रात्र जाते. सुपरकपॅसिटर म्हणजे ही घागर. थोडंच मावतं, पण लगेच भरते, लगेच रिती होते, आणि लाख वेळा भरली तरी फुटत नाही.” पुढे घरी आल्यावर तिने कागदावर काढून दाखवले. बॅटरीत लिथियमचे आयन पदार्थाच्या थरांच्या आत शिरून बसतात, म्हणून वेळ लागतो आणि हळूहळू झीजही होते. तिच्या घागरीत भार प्रामुख्याने पृष्ठभागाशी धरला जातो, म्हणून सारा खटाटोप पृष्ठभाग वाढवण्याचा, थर सच्छिद्र करण्याचा. त्या वर्षी परतीच्या पावसाने मांजरा भरले. रेल्वेची आठवण शहराने लवकर पुसून टाकली.

असो. २०२१ साली तिला पदवी मिळाली आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम मिळाले. वाचकांपैकी अनेकांना या तत्त्वाचा अर्थ सांगायला नको. जितके तास तितके पैसे. सत्र संपले की नेमणूक संपली. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. तिच्या पट्ट्यांची परीक्षा अशीच असे. त्या हजारो वेळा भरायच्या, रित्या करायच्या, आणि शेवटी मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली ते मोजायचे. ही तुलना आमची. तिने ती कधी केली नाही. तिला पदार्थांविषयी बोलायला आवडे, स्वतःविषयी नाही.

त्या दिवसांत आम्ही तिला बी.एड. करायला सांगितले. स्पर्धा परीक्षेचा अर्जही आणून दिला. वर्गात मात्र आम्ही वर्षानुवर्षे नरहर कुरुंदकरांचे उदाहरण देत आलो होतो. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात राहून हा माणूस साऱ्या महाराष्ट्राशी वाद घालू शकला, तेव्हा विचार करायला पुण्या-मुंबईलाच जावे लागत नाही, हे आम्ही किती तुकड्यांना सांगितले असेल! मुलांना ग्रंथालयात बसा म्हणताना त्यांच्या पगाराचा विषय आम्ही कधी काढला नाही. घरच्या मुलीची वेळ आली तेव्हा पहिला प्रश्न तोच काढला. शिवाय उदाहरणही अपुरेच होते. समीक्षकाला ग्रंथ आणि वाद घालायला माणसे मिळाली की गाव पुरते. पट्टीवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, हे पाहायला यंत्र लागते, आणि नमुना दूरच्या शहरात पाठवून आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यात तरुणपण जाते.

एकदा तिचे मन वळवायला, किंवा खरे तर आमचे समाधान करायला, आम्ही तिला जॉन गुडइनफ यांचे सांगितले. लिथियम बॅटरीचे कोबाल्ट ऑक्साइडचे इलेक्ट्रोड त्यांनी १९८० साली पुढे आणले तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासह नोबेल मिळाले २०१९ साली, वयाच्या ९७व्या वर्षी. धीर धरावा, असा आमचा आशय. तिने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, “त्यांना तिशीपासून प्रयोगशाळा होती, मामा.” खरेच होते. १९५२पासून ते अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेत काम करत होते. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

टंचाईतून कल्पकता येते, असे म्हणणे आपल्याकडे रूढ आहे. चंचुपात्रातली ती रीत पाहिली की ते काही अंशी पटतेही. पण टंचाईने रीत दिली, ती रीत चालवणारे माणूस टिकवण्याची सोय दिली नाही. मराठवाड्यात पाऊस मुळीच पडत नाही असे नाही. पडलेले थांबत नाही. मुलांचेही तेच. ती घडतात इथे, आणि ज्यात ती राहावीत असे पात्र आम्ही बांधलेले नाही. ‘आम्ही’ म्हणताना आम्ही केवळ सरकारला मोजत नाही. अर्ज आणून देणारे मामा-मामीही त्यात आले.

२०२३ साली भाची संशोधनासाठी दक्षिण कोरियाला गेली. रविवारी तिचा फोन येतो. तिकडच्या यंत्रांचे ती उत्साहाने सांगते, आणि घरून शिकून नेलेली चंचुपात्राची रीत तिथेही उपयोगी पडते, हेही सांगते. परत कधी येणार, हे आम्ही विचारत नाही. विचारण्याचा अधिकार आम्ही गमावला आहे असे वाटते. पावसाळ्यात मात्र तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

“मामा, मांजरा किती भरलं?”

आम्ही सकाळीच वर्तमानपत्रातून टक्केवारी काढून ठेवलेली असते.