बारीची वही

३० मार्च २०२५, रविवार. गुढीपाडवा

गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला तोंडात टाकला आणि तेवढ्यात संगीत बारीत गाणाऱ्या अक्कांचा फोन आला. "मामा, पेटीची पट्टी अडकलीय. दाबली की वर येईना." हत्यारांची पिशवी घेऊन येरमाळ्याकडं निघालो.

सोलापूर-धुळे महामार्गावर आपल्या धाराशिव जिल्ह्यात कलाकेंद्रं आहेत. चोराखळीचं नाव तर लांबलांबच्या शौकिनांना ठाऊक आहे. सरकारी कागदावर 'सांस्कृतिक कला केंद्र' लिहितात, पण तिथं राहणाऱ्या बाया 'थिएटर'च म्हणतात. मी पेटी दुरुस्त करणारा माणूस. महामार्गावरच्या एका थिएटरात बारा वर्षं माझं जाणंयेणं आहे. त्याचं नाव या वहीत लिहिणार नाही.

पट्टीखालची तार ढिली झाली होती, आणि उन्हानं भात्याचं चामडं कोरडं पडून चिरलं होतं. पेटी घरी न्यावी लागणार. बांधायला घेतली तर अक्का हळूच म्हणाल्या, "जपून न्या. पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या थिएटरात वाजायचंय."

तीन वर्षं त्या इथं होत्या. मालकाचं म्हणणं, पेटी-तबला कशाला, स्पीकरवर गाणी लावा, पोरी नाचतील, गिऱ्हाईक खूश. शिवाय तिकिटातला वाटाही कमी करायचा आहे. म्हणून अक्कांनी मोडनिंबच्या थिएटराशी बोली केली आहे. पाडव्यालाच केली, शुभ म्हणून.

नारायणगावात आज तमाशाच्या राहुट्या गजबजल्या असतील. जत्रेची सुपारी द्यायला गावोगावची माणसं आली असतील. संगीत बारीला राहुटी नसते. तमाशाचा फड रोज गाव बदलतो. बारीची पार्टी एकाच थिएटरात खोली घेऊन महिनोन् महिने राहते, आणि उठते तेव्हा चुलीसकट उठते.

२ एप्रिल, बुधवार

दिवसभर पेटी उघडून बसलो. भात्याला नवं चामडं लावलं. मधल्या सप्तकाचे तीन सूर उतरले होते, ते घासून जागेवर आणले. अक्का काळी चारमध्ये गातात, म्हणून तिथले सूर दोनदा तपासले.

आजोबा सुतार. बार्शीला नाटक कंपनी आली की तिची पायपेटी दुरुस्त करायला जायचे. तेव्हा आपला जिल्हा निजामाचा आणि बार्शी इंग्रजांची. मध्ये करोडगिरीचा नाका. नाटक ऐकायला माणसं नाका ओलांडून जायची. दुसऱ्या दिवशी आजोबा रंधा मारता मारता पदं गुणगुणायचे, असं वडील सांगत.

संगीत नाटकांची सगळी नोंद आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात पहिल्यांदा झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'संयुक्त मानापमान'साठी ८ जुलै १९२१ ला मुंबईत एकत्र उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठी. 'कट्यार काळजात घुसली'चा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ चा. आजही मुंबई-पुण्याच्या पेपरात कुठलं नाटक शिवाजी मंदिरला, कुठलं गडकरीला, कुणाचा शुभारंभ, कुणाचे शेवटचे काही प्रयोग, सगळं चौकटीत छापून येतं. शंभर वर्षांनी कुणालाही ते शोधता येईल.

बारीचं असं कुठंच सापडत नाही. कुठली पार्टी कुठल्या थिएटरात कधी लागली, कधी सुटली, तिथं काय गायली, हे छापायचं कुणाला सुचलंच नाही. लावणीच्या चाली किर्लोस्करांनी नाटकात घेतल्या, त्याचं कौतुक पुस्तकांत आहे. ज्या बाया त्या चाली पिढ्यान् पिढ्या गळ्यात सांभाळत आल्या, त्यांचा मुक्काम कुठं होता हे मात्र लिहिलेलं नाही. म्हणून ही वही केली आहे.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

पेटी द्यायला गेलो आणि रात्री थांबलो.

नव्या वाचकासाठी लिहून ठेवतो. थिएटरात पाच-सहा पार्ट्या राहतात. प्रत्येक पार्टीची मालकीण, नाचणाऱ्या, गाणारी, पेटीवाला, ढोलकीवाला, तबलावाला. रात्री एकेका पार्टीनं पाळीपाळीनं रंगमंचावर यायचं. ही पाळी म्हणजेच बारी, आणि म्हणूनच संगीत बारी. स्टेजवरचा खेळ सगळ्यांसाठी असतो. त्यानंतर कुणाला एखाद्या पार्टीचं गाणं निवांत ऐकायचं असेल तर तो बैठक लावतो. बैठकीत बाई बसून गाते आणि बसूनच भाव सांगते. एकच ओळ दहा वेळा, आणि दर वेळी हात निराळा, नजर निराळी. ज्यानं हे पाहिलं त्याला अदाकारी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. यमुनाबाई वाईकर याच परंपरेतल्या. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे दिल्लीनं तरी ही कला मानली.

अक्कांच्या पार्टीची तिसरी बारी. आधीच्या दोन स्पीकरवर झाल्या, सिनेमाच्या गाण्यांवर. समोर पोरंटोरं शिट्ट्या मारत होती. मग पडदा उघडला. ढोलकीवर थाप पडली, पेटी बोलली आणि अक्का खाली बसल्या. छक्कड नाही, जुन्नरी नाही, बालेघाटी सुरू केली. संथ, विरहाची. पुढच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, "उठून नाचा!" अक्कांनी मान वर केली नाही. कडवं संपेपर्यंत मागची दहा-बारा माणसं पुढं येऊन बसली होती.

बालेघाटी हे नाव बालाघाटच्या डोंगरावरून पडलं असं सांगतात. हाच डोंगर आपल्या जिल्ह्यात पसरला आहे. ज्या मातीनं लावणीच्या एका प्रकाराला नाव दिलं, त्याच मातीत ती बसून गाणाऱ्या बाईला जागा उरू नये, याचा मला राग येतो.

१३ एप्रिल, रविवार

येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा. काल पौर्णिमा झाली. लाखांनी माणसं आली आहेत, रस्त्यात गाडी हलत नाही. चुनखडीचे खडे वेचायला बाया-बापे रानात वाकलेले. अक्का, त्यांची भाची आणि ढोलकीवाले दादा, तिघांनीही पदरात-उपरण्यात खडे बांधून घेतले. थिएटर सोडण्याआधी देवीला सांगायचं असतं.

"देवीला सांगितलं, मोडनिंबला जाते. तिथं तू नसशील, पर आईला लांबून बी दिसतं."

मी म्हणालो, आपल्याकडं देवसुद्धा मुक्काम बदलतो. अणदूर आणि नळदुर्गच्या मैलारपूरचा खंडोबा एकच मूर्ती. पावणेदोन महिने मैलारपूरला आणि उरलेलं वर्ष अणदूरला. दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये करार होतो आणि मगच देव निघतो. अक्का म्हणाल्या, "देवाचा करार मोडत न्हाईत ना कुणी?"

१४ एप्रिल, सोमवार

भीमजयंती. पार्टीचा पेटीवाला भीमगीतांना वाजवायला गावी गेला, पेटी घेऊन. आज बारी नाही.

२१ एप्रिल, सोमवार. पुणे

सुरांची पानं आणायला पुण्याला आलो. काम दोन तासांत झालं. पाय आपोआप गणेश पेठेकडं वळले. आर्यभूषण थिएटर. अक्का तरुणपणी चार वर्षं इथं होत्या. त्यांच्या बोलण्यातलं पुणं म्हणजे हेच. मंडई, डुल्या मारुती आणि हे थिएटर, त्यापलीकडचं शहर त्यांनी पाहिलेलं नाही. बालगंधर्व रंगमंदिर इथून फार लांब नाही. २६ जून १९६८ ला ते उघडलं आणि पुण्याच्या नाटकाला पक्कं घर मिळालं. तिथं लावणीचे कार्यक्रम होतात, तिकिटं संपतात. त्या रंगमंचावर अक्का कधी गेल्या नाहीत.

मुंबईत लालबागला हनुमान थिएटर होतं. गिरणगावातले कामगार पाळी संपली की तिथं यायचे. नगर, सातारा, सोलापूर, मराठवाडा, सगळीकडची गाणारी माणसं त्या रंगमंचावर उभी राहिली. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, गिरण्यांचे भोंगे थांबले आणि खुर्चीत बसणारा कामगारच गावी गेला. पुढं ते थिएटरही गेलं. अक्कांच्या आईनं तिथं बारी केली होती. अक्का सांगतात, "आई म्हनायची, मुंबईचा मानूस दमून यायचा, म्हनून नीट ऐकायचा."

हे वाक्य मी दोनदा लिहून घेतलं. नीट ऐकणारा माणूस कुठं गेला, हाच प्रश्न आहे. मोबाइल आला, सिनेमा आला, ही कारणं खरी असतील. पण ऐकणारा गेला की थिएटरमालक स्पीकर आणतो. स्पीकर आला की पेटीवाला घरी बसतो. पेटीवाला बसला की गाणारीला आधार राहत नाही आणि उरतं नुसतं नाचणं. मग त्या जागेची बातमी येते ती परवाना, तक्रार, गुन्हा याच रकान्यात. गेल्या काही काळात आपल्या भागातल्या कलाकेंद्रांबद्दल तेवढंच वाचायला मिळतं. गैर चालत असेल तिथं कायद्यानं जरूर हात घालावा, माझं त्याला पूर्ण समर्थन आहे. पण दार बंद करताना आत बसून गाणारी बाई कोण आणि नुसता धंदा करणारा कोण, हे वेगळं करून पाहावं. थिएटराला कुलूप लागलं की मालकाला दुसरा व्यवसाय असतो. पेटीवाल्याला नसतो.

टाळेबंदी मला आठवते. मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली. मराठी नाटकाचे पडदे २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडले, त्याच्या मोठ्या बातम्या आल्या, आणि यायलाच हव्या होत्या. त्या दीड वर्षात अक्कांनी पेटी माझ्याकडं ठेवली होती. विकायची नाही, गहाणही ठेवायची नाही, नुसती नजरेआड ठेवायची, म्हणाल्या. घरात असली की विकावीशी वाटते.

२६ एप्रिल, शनिवार

शेवटची बारी आजच झाली. उद्या अमावास्या, त्या दिवशी बाहेर पडायचं नाही. आणि भाचीच्या मुलीची वार्षिक परीक्षा संपल्याशिवाय निघायचं नाही, असं अक्कांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मुलगी आश्रमशाळेत आहे, सातवीत. तिला घुंगरू बांधायचे नाहीत, हे घरात ठरलेलं आहे. अक्का तिला गाणं मात्र शिकवतात. "गानं शिकू दे, धंद्याला लावायचं न्हाई." दोन्ही कसं जमायचं, मी विचारलं नाही.

शेवटच्या बारीला जाहिरात नव्हती. पाटीवर काही नव्हतं. समोर चाळीसेक माणसं असतील. २०१७ च्या एप्रिलात आपल्या गावी, धाराशिवला, ९७वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन झालं, जयंत सावरकर अध्यक्ष होते. मी मांडवात बसून नाट्यपदं ऐकली होती, डोळे भरून आले होते. आज अक्का गायल्या तेव्हाही तसंच झालं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांना जागा कळत नाही.

बारी संपल्यावर बाकीच्या पार्ट्यांच्या बाया आल्या. कुणी कुंकू लावलं, कुणी खणाचा तुकडा दिला. एकीनं उसने घेतलेले पैसे परत केले, ते अक्कांनी तिच्याच पोराच्या हातात दिले. मालक आला नाही. हिशेब त्याच्या माणसानं केला आणि शेवटच्या आठवड्याच्या वाट्यातून वीजबिल कापून घेतलं. अक्कांनी कागद वाचला, घडी घातली आणि पोलक्यात ठेवला.

२८ एप्रिल, सोमवार

टेम्पो सकाळी सहाला आला. गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी, साड्यांच्या ट्रंका, आरसा, देवीचा फोटो, चुनखडीचं गाठोडं. पेटी माझ्या मांडीवर. ऊसतोडीच्या टोळ्या असंच सगळं घेऊन गावाबाहेर पडतात, आपल्या जिल्ह्याला हे दृश्य नवं नाही.

बार्शी, कुर्डुवाडी आणि मग मोडनिंब. बार्शीत चहाला थांबलो. आजोबांची नाटकं याच गावात झाली. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग तुमचं घरानं नाटकाचं. आमचं बारीचं. पेटी मातर एकच."

मोडनिंबला खोली लहान आहे, पण रंगमंचाची फळी चांगली, घुंगरू नीट बोलतील. मालकानं स्वतः विचारलं, "पेटी आणली ना?"

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

आज शुभारंभ. नाटकवाले म्हणतात तोच शब्द मीही लिहितो.

दुपारभर पेटी हवेला ठेवली. मोडनिंबची हवा येरमाळ्यापेक्षा कोरडी वाटली. एक खर्ज कुजबुजत होता, तो बसवला. संध्याकाळी देवीच्या फोटोपुढं चुनखडीचा खडा ठेवून नारळ फोडला. ढोलकीवाल्या दादांनी शाईवर हात फिरवला. नव्या थिएटरात अक्कांना चौथी बारी मिळाली. पडदा उघडला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

अक्का बसल्या. बालेघाटीच घेतली. कुणीही "उठून नाचा" म्हणालं नाही.

वाचकांना एकच विनंती. या रस्त्यानं जाल तेव्हा एकदा थिएटरात जा, स्टेजवरचा खेळ पाहा, आणि बैठकीत बसून गाणारीला तिचंच गाणं मागा. नाव घेऊन मागा : छक्कड, जुन्नरी, बालेघाटी, चौकाची. मागणारा असेल तर पेटी वाजत राहील. आणि घरी आल्यावर तारीख, थिएटर आणि पार्टीचं नाव कुठं तरी लिहून ठेवा.

आजची नोंद : मोडनिंब, चौथी बारी, एकोणीस माणसं. दारावरच्या पाटीवर रंगाऱ्यानं अक्कांचं नाव लिहिलं आहे आणि पुढं त्यांच्या गावाचं नाव, धाराशिव जिल्हा.