गुडघ्यावरचा बर्फ

सांधा दुखला की शेकावा, ही आपल्या घराघरांतील जुनी रीत. परंतु शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसांत उष्णतेने रक्तप्रवाह वाढून सूज अधिकच चढते. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. सूज व वेदना आटोक्यात राहतात. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर हा अनुभव मी स्वतः घेतला.

बर्फाचे खडे पिशवीत घालून ती कोरड्या पंचात गुंडाळावी व १५ ते २० मिनिटे गुडघ्यावर ठेवावी. उघड्या कातडीला बर्फ लावू नये. जखमेवरील पट्टी भिजू देऊ नये. उशी टाचेखाली घ्यावी, गुडघ्याखाली नव्हे; एरवी गुडघा वाकलेलाच राहतो. मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव मंदावली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बर्फ लावावा. पोटरी दुखू लागली, ताप आला किंवा जखम वाहू लागली, तर बर्फावर विसंबून न राहता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

समाचारास आलेल्या एका आजीबाईंनी हळूच विचारले, “फादर, शस्त्रक्रिया केली तर मिस्सात गुडघे टेकता येतील का हो? तेवढ्यासाठीच मी थांबले आहे.”

प्रिय बंधुभगिनींनो, या भीतीने कुणी दुखणे अंगावर काढू नये. प्रकृतीमुळे जो गुडघे टेकू शकत नाही, त्याला ख्रिस्तसभेच्या मिस्साविधीच्या नियमांतच मोकळीक आहे. पवित्रीकरणानंतर धर्मगुरू गुडघा टेकतो, तेव्हा त्याने लवून नमन करावे. नम्र झालेले अंतःकरण प्रभू पाहतो. गुडघा किती वाकला, हे तो मोजत नाही.