ताई, तू अडकलीयेस!

रविवार, रात्रीचे साडेनऊ. स्क्रीनवर माझी गो-कार्ट वळण घेतेय, पण कशी? लग्नाच्या फोटोंचा स्लाइड शो चालावा तशी! हेडफोनमधून धाकटा भाऊ ओरडतोय, ‘‘ताई, तू अडकलीयेस!’’

भाऊ नोकरीसाठी जर्मनीत. तो जायच्या आधी आमचं जोरात वाजलं होतं. तेव्हापासून फोन ‘जेवलास का?’च्या पुढे सरकत नव्हता. मग त्यानेच फंडा काढला, दर रविवारी ‘सुपरटक्सकार्ट’ खेळायचं. गेम फुकट, आणि २०१९पासून ऑनलाइनही खेळता येतो. पण माझ्या लिनक्सवाल्या जुन्या लॅपटॉपवर सेकंदाला जेमतेम ९ फ्रेम्स! सिनेमाचं २४मध्ये भागतं, गेमला ६० तरी हव्यात. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, ‘‘सोड ताई. नवीन लॅपटॉप घेतलास की खेळू.’’

फ्रीलान्सर आणि नवीन लॅपटॉप? म्हणजे कधीच नाही.

हट्टाने बसले. ग्राफिक्सची सेटिंग्ज कमी केली. सावल्या गेल्या, झाडं भकास झाली, ९च्या ११ फ्रेम्स झाल्या. ब्राउझर बंद केला. काही फरक नाही. शेवटी टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो’ ही कमांड दिली. स्क्रीनवरचं चित्र नक्की कोण काढतंय, ते ती सांगते. उत्तर आलं, ‘एलएलव्हीएमपाइप’. म्हणजे ग्राफिक्स चिप आरामात बसलीय आणि तिचं सगळं काम बिचारा प्रोसेसर एकटा उपसतोय! पंखा उगाच नव्हता किंचाळत.

आणि हे केलं कोणी? मीच. दोन वर्षांपूर्वी लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडायची, म्हणून बूटच्या सेटिंगमध्ये ‘नोमोडसेट’ हा शब्द घातला होता. ग्राफिक्स ड्रायव्हरला ‘तू मध्ये पडू नकोस’ असं बजावणारा. अगदी तात्पुरता! काढायचा राहूनच गेला. ब्राइटनेसची बटणं तेव्हापासून चालत नव्हती, त्याचीही मी सवय करून घेतली होती. लेख टाइप करायला काय लागतं?

ग्रबच्या फाइलमधून तो शब्द काढला, ‘सुडो अपडेट-ग्रब’ दिलं आणि देवाचं नाव घेऊन रीस्टार्ट केलं. स्क्रीन काळी पडली नाही. मधल्या अपडेट्सनी तो जुना प्रॉब्लेम कधीच मिटवला होता, मीच बघितलं नव्हतं. गेम सुरू केला. ६० फ्रेम्स! हुश्श!

त्या रविवारी मी भावाला पहिल्यांदा ओव्हरटेक केलं. तो खो खो हसला, मग एकदम गप्प. दुसऱ्या लॅपला म्हणाला, ‘‘ताई, इथे ऑफिसमधून घरी आलं की बोलायला कुणीच नसतं गं.’’

मी ब्रेक दाबला. रेस हरले. तो बोलत राहिला.

तुमचाही गेम अडखळत असेल तर पाकिटात हात घालण्याआधी चित्र कोण काढतंय, ते बघा. आणि एखादा फोन ‘जेवलास का?’वरच अडकला असेल, तर... तेही कधीतरी तात्पुरतंच ठरलं असेल ना?